उलट्या हाताने

पवित्र गुरुवारी चर्चच्या घंटा बांधल्या की त्या शनिवारपर्यंत तोंड उघडत नाहीत. त्या मुक्या दिवसांत चेलेस्तीनो सोब्रेरो तळघरात उतरतो आणि ईस्टरच्या जेवणाच्या वाईन निवडतो. हे काम त्याने चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. बायकोने करडू भाजावं, मुलाने टेबल अंगणात ओढावं, धाकट्या भावाने तोरीनो शहरातून बसने यावं. पण कोणत्या ताटाबरोबर कोणती बाटली उघडायची ते चेलेस्तीनो ठरवणार. एरवी माणूस तोंडाचा महाचिक्कू. मनातलं सांगायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. जे बोलायचं ते तो बाटलीतून बोलतो, आणि समोरच्याला कळलं नाही तर समोरचा मूर्ख.

या वर्षी त्याला बोलायचं होतं ते मोठं होतं. धाकटा भाऊ तावियो अडुसष्ट वर्षांचा झाला होता. चाळीस वर्षं तोरीनोच्या कारखान्यात मोटारींना दारं बसवली, मग पेन्शन आली, आणि गेल्या वर्षी बायको गेली. मूलबाळ नाही. पाचव्या मजल्यावर एकटाच राहतो, लिफ्ट बंद असली की दोन-दोन दिवस खाली उतरत नाही. चेलेस्तीनोच्या मनात होतं की त्याने आता गावी यावं, वरच्या खोलीत राहावं, आणि दोघांनी मिळून ब्रिकवरची द्राक्षबाग करावी. ब्रिक म्हणजे घरामागची टेकडी. बापाने मरताना तिचे दोन भाग केले, वरचा तावियोला आणि खालचा चेलेस्तीनोला. पण भाग कागदावर. छाटणी दोन्हींची चेलेस्तीनोच करायचा, आणि मार्चमध्ये विलो झाडाच्या ओल्या काड्यांनी एकेक वेल तारेला बांधायचाही तोच. चार वर्षांपूर्वी पेन्शनच्या भानगडीत त्याने आपला खालचा भाग मुलाच्या, दानिलोच्या, नावावर केला होता; तेही कागदावरच. ती सही करून घरी आला आणि विसरून गेला.

"तिनो, मेलास का रे खाली?" जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको इर्मा ओरडली.

"मरेन तेव्हा सांगून मरेन."

"चार बाटल्या निवडायला दोन तास! पोप निवडायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही."

"पोप चुकला तर दुसरा मिळतो. आन्योलोत्तीबरोबर चुकीची वाईन दिली तर वर्षभर तूच ऐकवशील."

इर्मा हसली आणि गेली. त्याचं जवळजवळ ठरलंच होतं. सुरुवातीला अंडी आणि हिरव्या चटणीतले खारवलेले मासे, त्याला पांढरी अर्नेइस. ती आपल्याकडे होत नाही, शनिवारी बाजारातून आणायची. आन्योलोत्तीबरोबर, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या पास्त्याबरोबर, घरची बार्बेरा, गेल्या सालची, जराशी आंबट, चीज कापत जाणारी. शेवटी कबुतराच्या आकाराच्या गोड पावाबरोबर मोस्कातो, तीही बाजारातलीच. अडलं होतं ते करडापाशी. भाजलेल्या करडाला ब्रिकवरची नेब्बिओलो हवी, यात वाद नव्हता. पण कोणत्या सालची?

मागच्या भिंतीत, विटांच्या कोनाड्यात, ब्याऐंशी सालच्या दोन छोट्या, अर्ध्या मापाच्या बाटल्या उरल्या होत्या. म्हाताऱ्या बापाने स्वतःच्या हाताने केलेली शेवटची वाईन. पुढच्या वसंतात तो गेला. त्या दोन बाटल्यांना चेलेस्तीनोने दानिलोच्या लग्नातही हात लावला नव्हता. आता त्याने एक उचलली, धूळ न पुसता हळूच उभी केली, आणि गाळ खाली बसायला तीन दिवस तशीच ठेवून दिली. तावियोला बापाची वाईन द्यायची, आणि तिसऱ्या घोटानंतर म्हणायचं, "खोली रिकामी आहे." एवढी तीन शब्दांची वाक्यरचना त्याने आठवडाभर तोंडात घोळवली होती.

शनिवारी सकाळी तो बाजारात जेम्माच्या दुकानी गेला. जेम्मा वाईन विकते आणि बातम्या फुकट देते. तिने अर्नेइसच्या दोन बाटल्या कागदात गुंडाळल्या, मोस्कातो काढली, आणि मान तिरकी केली.

"मग, यंदा ईस्टर जोरात म्हणायचा."

"का?"

"आता काय सांगायचं चेलेस्तीनो, तुम्ही तर माझ्याकडूनच काढून घेणार. ब्रिकवर सही झाली म्हणतात ना. अल्बाला, नोटरीकडे. घेणारी पलीकडच्या डोंगरावरची ती मोठी कंपनी. फेब्रुवारीतच झाली म्हणे."

"कुणाची सही?"

"सोब्रेरोंची." जेम्माने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे... मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी कशाला कुणाचं नाव घेऊ? लोक काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

चेलेस्तीनोने पैसे ठेवले आणि निघाला. घरी न जाता तो थेट ब्रिकवर चढला. कोंब नुकते फुटले होते, करंगळीच्या पेराएवढे. वरच्या कडेला, गाडीरस्त्याच्या बाजूने, लाल रंगाचं टोक असलेल्या चार खुंट्या ठोकलेल्या होत्या. वरच्या कडेला, म्हणजे तावियोच्या भागात. बस, त्याला आणखी पुरावा नको होता. मोजणीदार गाडी घेऊन येतो आणि गाडी वरच्याच रस्त्याने येते, म्हणून पहिली खुंटी वरच बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण चेलेस्तीनो त्या क्षणी मोजणी करत नव्हता. त्याला चाळीस वर्षं आठवत होती. दर वर्षी आपण भावाच्या वेली आधी छाटल्या, गारपिटीत आधी त्याच्या भागावर धावलो, दर डिसेंबरला बारा बाटल्या तोरीनोला धाडल्या. आणि याने फेब्रुवारीत, आपण थंडीत बोटं फुटेपर्यंत याचीच छाटणी करत असताना, नोटरीसमोर बसून पेन उचललं.

त्याला विचारता आलं असतं. घरी फोन होता, तावियोचा नंबर दाराच्या मागे खडूने लिहिलेला होता. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि सोब्रेरो पुरुष जीव देतील, तोंड उघडणार नाहीत. त्याने एक खुंटी उपटली, हातात धरून पाहिली आणि परत त्याच भोकात खोचली.

दुपारी इर्मा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच त्याच्यापाशी आली.

"तिनो, सोमवारी तुझ्याशी जरा बोलायचंय."

"आत्ता बोल."

"सणाच्या तोंडावर नको. जेवण गोड होऊ दे."

त्याला वाटलं, भट्टीची चिमणी पुन्हा तुंबली असेल. तो हूं म्हणाला. अंधार पडल्यावर घंटा सुटल्या, सगळं खोरं दणाणून गेलं, आणि आईने लहानपणी लावलेल्या सवयीने तो अंगणातल्या नळाशी जाऊन डोळ्यांना पाणी लावून आला. घंटा सुटताना डोळे धुतले की वर्षभर नजर स्वच्छ राहते, असं म्हणतात.

रविवारी सकाळी त्याने उभ्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. आधी वाटलं, परत आडवी करून ठेवावी आणि भावाला सहकारी सोसायटीची पाणचट वाईन पाजावी. मग दुसराच विचार आला, आणि तो आल्याबरोबर त्याला विलक्षण बरं वाटलं. बाटली तीच राहू दे. हात बदलू.

हे नीट सांगायला हवं. चेलेस्तीनो आठ वर्षांचा असताना एका लग्नात त्याच्या बापाने एका माणसाला उलट्या हाताने वाईन ओतली होती. तळवा आभाळाकडे, मनगट मागे वळवलेलं. युद्धात त्या माणसाने शेजारच्या गोठ्यात लपलेल्या एका पोराची खबर शत्रूच्या सैनिकांना दिली होती. सगळ्यांना संशय होता, बोलत कुणी नव्हतं. बापही बोलला नाही. फक्त ओतलं. टेबलावरच्या तीस माणसांचे चमचे थांबले. वर्ष संपायच्या आत तो माणूस घर विकून गेला. त्यानंतर घरात कुणा पोराने आळसाने जरी तसा हात वळवला, तरी म्हाताऱ्याची थप्पड बसायची. "असं विश्वासघातक्याला ओततात. घरच्याला नाही."

तावियो अकराच्या बसने आला. दर वर्षी तो एक कातडी पिशवी घेऊन यायचा. यंदा चाकांची मोठी सुटकेस होती, अंगणातल्या खड्यांवरून खडखडत आली. चेलेस्तीनोने सुटकेसकडे पाहिलं. रिकामी आणली असेल, त्याच्या मनात आलं, सौदा झालाय, आता आपल्या वाट्याच्या बाटल्या भरून न्यायला.

"काय रे तिनो, तू तर वाळलास."

"डोंगर चढावा लागतो. लिफ्ट नाही आमच्याकडे."

तावियो हसला. त्याला ती चेष्टा वाटली. दानिलोने पुढे होऊन सुटकेस उचलली. चाळिशीचा, खांद्याने रुंद माणूस, गावातल्या यंत्रशाळेत कामाला. काकाशी बोलताना तो त्याच्या शर्टाच्या बटणांकडे पाहत होता. चेलेस्तीनोला हेही दिसलं नाही. ज्याला एकच गोष्ट पाहायची असते त्याला बाकी काही दिसत नाही.

जेवायला चौघंच; दानिलोची बायको सणाला माहेरी गेली होती. अंडी सोलली गेली, अर्नेइस उघडली. तावियोने घोट घेतला आणि म्हणाला, "यंदा पांढरी बरी निवडलीस."

"निवडणं मला जमतं. माणसं तेवढी चुकतात."

"बापरे," इर्मा म्हणाली, "आज पाद्रीबाबांचं प्रवचन घरीच."

आन्योलोत्ती आल्या. बार्बेरा ओतली गेली, सगळ्यांना सरळ हाताने. तावियोने तीनदा वाढून घेतल्या. मग खाली मान घालून, चमच्याने रस्सा ढवळत म्हणाला, "तिनो, जेवण झालं की आपण दोघं जरा ब्रिकवर जाऊ. मला तुझ्याशी बोलायचंय."

दानिलोचा काटा बशीवर वाजला. चेलेस्तीनोच्या कानशिलात रक्त चढलं. आता हा मला जागेवर नेऊन सांगणार, खुंट्या दाखवत. निर्लज्जपणाला काही हद्द आहे की नाही!

"करडू येऊ दे," तो म्हणाला.

करडू आलं, रोझमेरीच्या वासाने सगळं अंगण भरलं. चेलेस्तीनोने ब्याऐंशी सालची बाटली आणली. बूच मधेच तुटलं, त्याने उरलेला तुकडा हळूच काढला. वास आला तसा तावियो खुर्चीत ताठ झाला. बापाच्या सदऱ्याला येई तसा तो वास होता, वाळलेल्या गुलाबाचा आणि ओल्या मातीचा.

"ही... म्हाताऱ्याची?"

"म्हाताऱ्याची."

तावियोचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला.

चेलेस्तीनो बसूनही ओतू शकला असता. पण शेजारी बसून ओतताना हात चुकून वळतो, आणि हे चुकून झालं असं कुणाला वाटायला नको होतं. तो उठला, भावाच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला, बाटलीखाली तळवा धरला, मनगट मागे वळवलं आणि ओतली. सावकाश, ग्लास भरेपर्यंत. एक थेंबही सांडला नाही.

इर्माचा हात तोंडावर गेला. तावियो आधी त्या हाताकडे पाहत राहिला, मग भावाकडे. समजायला त्याला क्षणभरही लागला नाही. त्याच घरात, त्याच थपडा खाऊन तो वाढला होता. त्याची नजर टेबलावरून फिरली आणि दानिलोवर थांबली. दानिलो ताटात पाहत होता. तावियोने वाट पाहिली, एखाद्या माणसाला खोल श्वास घेऊन बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग त्याने ग्लास उचलला आणि सगळी वाईन प्यायला.

"अजून चांगली आहे," तो म्हणाला. "अशा कामाला वापरायला नको होतीस."

त्याने रुमालाची घडी घातली, इर्माच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेला. सुटकेस जिन्यावरून खाली आणल्याचा आवाज आला. मग अंगणाच्या कडेने चाकं खडखडत गेली, फाटकाबाहेर गेली, उतारावर त्यांचा आवाज बारीक झाला.

"गेला," चेलेस्तीनो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, जिंकल्यासारखा. "बाग विकताना लाज नाही वाटली. ओतल्यावर वाटली."

"त्याने नाही विकली," इर्मा म्हणाली.

"जेम्माने सांगितलं मला. खुंट्या मी डोळ्यांनी पाहिल्या."

"त्याने नाही विकली रे, मूर्खा!" इर्मा उभी राहिली. तिने आयुष्यात नवऱ्याला असा शब्द वापरला नव्हता. मग ती मुलाकडे वळली. "बोल. अजून किती माणसं घालवायची आहेत?"

दानिलोने काटा खाली ठेवला. "मी विकली, पापा. खालचा भाग. माझ्या नावावर होता."

चेलेस्तीनोने हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"तुझे गुडघे गेलेत तरी तू चढतोस. तू मेल्यावर मी चढायचं, आणि मग कोण? मला नाही तसं मरायचं. तुला सांगायला चारदा आलो. तू काड्या बांधत होतास, मी परत गेलो." त्याने घसा साफ केला. "त्यांना वरचा भागही हवा होता. त्यांचा वकील दोनदा तोरीनोला गेला. काकाने त्याला दारातून हाकललं. मग मला फोन केला. म्हणाला, तुझ्या बापाला तू सांग, ईस्टरच्या आत सांग, मी तुझं नाव घेणार नाही."

"आणि तू गप्प बसलास. आत्ता, इथे बसून गप्प बसलास."

"हो."

"मीही," इर्मा म्हणाली. "मला मार्चपासून माहीत होतं. म्हटलं सण गोड होऊ दे." ती हसली, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "परवा चर्चमध्ये ऐकलंस ना, लोकांनी चोर सोडवून घेतला आणि निर्दोष माणसाला खिळ्यांनी ठोकला? म्हटलं होतं मी मनात, कसली ही माणसं! तुझ्या भावाला खोलीचं मीच सांगितलं होतं तिनो, फोनवर. तू विचारायला दहा वर्षं लावशील म्हणून. चादरी बदलल्यात म्हटलं, ये राहायला. त्या सुटकेसमध्ये त्याचे सगळे कपडे होते. थंडीचेसुद्धा."

चेलेस्तीनो फाटकापर्यंत गेला. खाली, वळणावर, तावियो सुटकेसवर बसला होता, पाठ घराकडे. ईस्टरला दुपारची बस नसते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. चेलेस्तीनोने तोंड उघडलं. पण काय म्हणायचं? तू नव्हतास, माझा मुलगा होता? आठवडाभर घोळवलेलं एकच वाक्य त्याच्याकडे होतं, आणि आता ते म्हणायचा अधिकार त्याने आपल्याच हाताने घालवला होता. तो उभा असतानाच कुणाची तरी गाडी थांबली, ड्रायव्हरने उतरून सुटकेस मागे ठेवली, आणि गाडी वळणाआड गेली. तावियोने मागे पाहिलं नाही.

तो परत आला तेव्हा करडाची चरबी ताटात गोठत होती. दानिलो होता तिथेच बसला होता, समोर रिकामा ग्लास. बाटलीत अजून एक ग्लासभर वाईन होती.

चेलेस्तीनोने ती उचलली. मुलाच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला, तिथेच जिथे बाप उभा राहिला असता. दानिलोने मान वर केली नाही. त्याने ग्लास थोडा पुढे सरकवला, जे यायचं ते घ्यायला तयार असल्यासारखा. चेलेस्तीनोने बाटलीखाली तळवा नेला. मनगटाला सांगितलं, वळ. भावासाठी ते लोण्यासारखं वळलं होतं. आता वळेना. त्याने पुन्हा जोर केला, बाटलीची मान ग्लासाच्या कडेवर किणकिणली.

"ओत ना," इर्मा म्हणाली. "त्याला जसं ओतलंस तसं ओत."

"नाही होत," चेलेस्तीनो म्हणाला. तो रडत होता आणि त्याला त्याची शरम वाटत नव्हती, शरम दुसऱ्याच गोष्टीची होती. "पोटचं पोर आहे गं. नाही होत."

त्याने हात फिरवला, बाटली नेहमीसारखी धरली आणि बापाची उरलेली वाईन सरळ हाताने मुलाच्या ग्लासात ओतली, तळाचा काळा गाळ येईपर्यंत.